पाय काढणाऱ्याचं बंड

एरंडवण्यातल्या एका महाविद्यालयात मध्यंतरी परिसंवाद झाला. विषय होता 'बंडखोर रेसर तरुणांचा आदर्श असू शकतो का?' एका बाजूला परिवहन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला मोटारींचे व्हिडिओ करणारा पंचविशीतला मुलगा. गृहस्थांनी कल्याणीनगरपासून नवले पुलापर्यंतचे अपघात एकेक करून सांगितले आणि वेगाचं कौतुक म्हणजे मरणाला आवतण, असा निष्कर्ष काढला. मुलाने पडद्यावर ब्रिटिश रेसर जेम्स हंटचा फोटो लावला. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर जगाची फिकीर नाही. 'नियम पाळून कुणी इतिहास घडवलाय का?' त्याने विचारलं. टाळ्या दोघांनाही पडल्या. पुण्यात त्या पडतातच, सभा वेळेवर संपली तर जरा जास्तच. मी मात्र चडफडत बाहेर आलो, कारण दीड तास भांडलेल्या या दोघांचं मूळ मुद्द्यावर एकमत होतं. बंडखोर म्हणजे नियम मोडणारा, हे दोघांनीही धरून चाललं होतं. एकाला तो आवडत होता, दुसऱ्याला नव्हता, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं वेगळं आहे. फॉर्म्युला वनच्या इतिहासातला खरा बंडखोर मला हंट वाटत नाही. १९७६ साली हंटकडून जगज्जेतेपद एका गुणाने हरलेला ऑस्ट्रियाचा निकी लाउडा वाटतो. आणि लाउडाचं सगळ्यात मोठं बंड कुठलं? त्याने एका दुपारी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, हे. बंड ओळखायचं तर नियम मोडला का, हे विचारून भागत नाही. त्याची किंमत कुणी मोजली, हे विचारावं लागतं. ही कसोटी मान्य असेल तर कोथरूडच्या पोरांनी रेसरचा फोटो खुशाल भिंतीवर लावावा. आणि कर्वे रस्त्यावर राँग साइडने येणाऱ्याला कुणी 'बंडखोर' म्हणू नये.

लाउडा व्हिएन्नाच्या उद्योगपती घराण्यातला, जन्म १९४९ चा. घराण्याचं नाव वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर यावं, क्रीडा पानावर नको, असं आजोबांचं मत. नातवाने कर्ज काढून रेसिंगच्या संघात जागा विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा आजोबांनी बँकेत शब्द टाकून ते कर्ज अडवलं. नातवाने दुसरी बँक गाठली आणि स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवली. घराशी कायमचं फाटलं. १९७४ मध्ये तो फेरारी संघात गेला, गेल्या गेल्या खुद्द मालक एन्झो फेरारींना 'तुमची गाडी वाईट आहे' असं सुनावलं, ती सुधारून घेतली आणि १९७५ मध्ये जगज्जेता झाला. इथवरची गोष्ट कुठल्याही हट्टी मुलाची असू शकते. पुढची नाही.

जर्मनीतलं न्युर्बुर्गरिंग हे तेव्हा जंगलातून, डोंगरातून जाणारं जवळपास २३ किलोमीटरचं वेटोळं होतं. १९७५ मध्ये सरावात सात मिनिटांच्या आत त्याची फेरी मारणारा पहिला माणूस लाउडाच. म्हणजे या ट्रॅकची भीती वाटते असं त्याच्याबद्दल कुणी म्हणू शकत नव्हतं. आणि नेमका तोच म्हणू लागला की इथे शर्यत घेऊ नका. एवढ्या लांबीवर पुरेसे अग्निशमनवाले उभे करता येत नाहीत, गाडी पेटली तर मदत पोचायची नाही, हा त्याचा मुद्दा. १९७६ मध्ये त्याने ड्रायव्हर मंडळींपुढे बहिष्काराचा प्रस्ताव ठेवला, मतदान झालं, प्रस्ताव पडला. हरल्यावर तो रुसून घरी बसला नाही, शर्यतीत उतरला. १ ऑगस्टला दुसऱ्या फेरीत गाडी बांधावर आदळून पेटली. आदळताना हेल्मेट निखळलं, म्हणून डोकं आणि चेहरा भाजला, विषारी धूर फुप्फुसात गेला. त्याला बाहेर ओढलं ते मागून आलेल्या चार ड्रायव्हरांनी. रुग्णालयात धर्मगुरू येऊन अखेरची प्रार्थना म्हणून गेला. ४२ दिवसांनी हा माणूस इटलीत मोंझाला जखमांवर पट्ट्या बांधून पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. फॉर्म्युला वनची शर्यत त्या जुन्या न्युर्बुर्गरिंगवर त्यानंतर एकदाही झाली नाही.

आता जपानमधलं फुजी. २४ ऑक्टोबर १९७६, मोसमातली शेवटची शर्यत. गुण लाउडाचे ६८, हंटचे ६५. ट्रॅकवर पाणी साचलेलं, धुकं, पुढची गाडी दिसेना. लाउडाच्या पापण्या भाजलेल्या, डोळे नीट मिटत नव्हते. दोन फेऱ्या झाल्या आणि तो पिटमध्ये, म्हणजे संघाची माणसं गाडी दुरुस्त करतात तिथे, येऊन गाडीतून उतरला. फेरारीचे मुख्य अभियंते फोर्गिएरी यांनी त्याला वाट काढून दिली: इंजिन बिघडलं असं जाहीर करू. लाउडा नको म्हणाला. लोकांना खरं ते सांगा.

माझ्या मते सगळी गोष्ट या 'नको'त आहे. माघार पुष्कळ जण घेतात, त्या दिवशी आणखी तिघांनी घेतली होती. पण पेटत्या गाडीतून वाचलेल्या, जगज्जेतेपदासाठी तीन गुणांनी पुढे असलेल्या माणसाला इंजिनाची सबब आयती मिळत असताना 'मी घाबरलो, हे सांगा' असं म्हणायला लागणारं धैर्य कुठल्या मापात मोजणार?

याच्या विरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा काय आहे, हे मला ठाऊक आहे. पाऊस थांबला. शर्यत संपेपर्यंत ट्रॅक बऱ्यापैकी वाळला. हंट त्याच पावसात गाडी चालवत राहिला, टायर बदलायला थांबला, मागे पडला, पुन्हा पुढे आला, तिसरा आला आणि ६९ गुणांवर विजेता झाला. त्या दिवशी कुणी मेलं नाही. म्हणजे लाउडाचा अंदाज चुकला म्हणायचं का? आणि खेळात तरी धोका पत्करणाऱ्यालाच माळ पडायला नको का? शिवाय हंट नुसता पोस्टरवरचा छैलछबिला नव्हता. १९७८ मध्ये मोंझाला ड्रायव्हर रॉनी पीटरसनची गाडी पेटली तेव्हा त्याला ओढून काढणाऱ्यांत हंट होता. त्याचं जगज्जेतेपद फुकटचं होतं, असं मी म्हणणार नाही.

पण पुढचं कुणाला दिसतं? निर्णय बरोबर की चूक, हे निकालावरून ठरवायचं तर दारू पिऊन सुखरूप घरी पोचलेला प्रत्येक जण शहाणा ठरेल. फुजीला दोन फेऱ्या झाल्या तेव्हा जे समोर होतं, त्यावर लाउडाने ठरवलं. आणि मग परिणामांपासून तो पळाला नाही. किताब गेला, इटलीच्या वर्तमानपत्रांनी भित्रा ठरवलं, फेरारीशी संबंध बिघडले. पुढच्या वर्षी त्याने फेरारीसाठी किताब परत मिळवला आणि दोन शर्यती शिल्लक असतानाच संघ सोडला. हंटच्या बंडाला प्रेक्षक होते, जाहिरातदार होते, बाजार होता. तो समारंभांनाही अनवाणी जायचा, त्याने कुणाचं काय बिघडलं? प्रायोजकांना तर ते हवंच होतं. लाउडाच्या बंडाला गिऱ्हाईक नव्हतं.

बंडाला गिऱ्हाईक नसतं, हे पुण्याला तरी सांगायला नको. याच शहरात गोपाळ गणेश आगरकरांची त्यांच्या हयातीत प्रेतयात्रा निघाली आणि ती त्यांच्याच घरावरून नेली गेली. त्या दिवशी रस्त्यावर गर्दी होती, घोषणा होत्या, जोश होता. तो सगळा आगरकरांच्या विरुद्ध बाजूला होता. ते पाहत होते. त्या दृश्यात बंडखोर कोण, याबद्दल आज कुणाला शंका आहे? रेसर जॅकी स्टुअर्टचंही थोडंफार असंच झालं. १९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर त्याची गाडी ट्रॅकबाहेर जाऊन आदळली, पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत तो अडकून पडला आणि स्टिअरिंग काढायला पाना एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. तेव्हापासून तो पाना गाडीत बांधून ठेवायचा, आणि डॉक्टर हवेत, कठडे हवेत, पट्टे हवेत, असं ओरडत फिरायचा. १९६९ मध्ये स्पावर बहिष्कार घडवून आणण्यात त्याचा पुढाकार होता. तीन वेळा जगज्जेता झालेल्या या माणसाला ट्रॅकमालकांनी आणि काही पत्रकारांनी भेकड म्हटलं. रेसिंगची मजा घालवली, असा आरोप केला. सुधारकावर परंपरा बुडवल्याचा आरोप होतो, तशातलीच ही गोष्ट.

आता आपल्याकडे येऊ. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात मोर्चा निघाला, त्यात काही मंडळी डोक्यावर पुणेरी पगडी घालून दुचाकीवर बसली होती. फोटो देशभर छापून आले. पुणेकर कसा कुणाचं ऐकत नाही, म्हणून आपल्यापैकी कित्येकांची छाती थोडी फुगलीही. माझीही फुगली होती, खोटं कशाला बोलू.

त्या मोर्चेवाल्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. रस्ते नीट करायचे नाहीत, खड्डे बुजवायचे नाहीत, सिमेंटच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकचा पट्टा घालून चाक घसरायची सोय करायची, आणि मग झाडाआड उभं राहून पावत्या फाडायच्या, ही सुरक्षितता की वसुली? लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता वीसच्या वर गाडी जात नाही, तिथे डोक्यावर किलोभर वजन कशाला? हे प्रश्न खरे आहेत. न्युर्बुर्गरिंगबद्दल लाउडाची तक्रारही हीच होती: रस्ता वाईट आहे, व्यवस्था अपुरी आहे, आणि ती नीट करायची जबाबदारी ज्यांची आहे ते हात वर करताहेत. पण या तक्रारीतून त्याने काय मागितलं? कठडे, डॉक्टर, अग्निशमनवाले. रस्ता वाईट आहे म्हणून मी पट्टा बांधणार नाही, असं तो म्हणाला नाही. खड्ड्यांवर राग असेल तर महापालिकेसमोर रोज बसावं. डोकं उघडं ठेवून खड्डा बुजतो का? निखळलेल्या हेल्मेटने लाउडाच्या डोक्याचं काय केलं, ते झाकायला तो पुढे जन्मभर लाल टोपी घालून फिरला. व्यवहारी माणूस, त्या टोपीवरची जागाही त्याने जाहिरातदारांना विकली. पगडीचे फोटो पाहिले की मला ती टोपी आठवते.

इथे लाउडाच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कुणी ना कुणी ती काढणारच. ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान बसवायचा नियम, ज्याला 'हेलो' म्हणतात, २०१८ पासून लागू झाला. त्याला विरोध करणाऱ्यांत म्हातारा लाउडा होता. गाडीचा मूळ पिंडच यामुळे मारला जातो, असं त्याचं म्हणणं. फ्रेंच ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँ हाही विरोधातच होता. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बहरीनला ग्रोजाँची गाडी कठडा फोडून आत घुसली, दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला. जवळपास अर्ध्या मिनिटाने तो स्वतःच्या पायांनी त्यातून बाहेर आला, आणि या कमानीनेच वाचवलं, असं त्याने जाहीर सांगितलं. तोवर लाउडाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. म्हणजे माझा नायक साफ चुकला होता. माझ्या मुद्द्याला मात्र यातून बळच येतं. दोघांनी विरोध केला तो बोलून. नियम झाल्यावर एकाही ड्रायव्हरने 'मी ती कमान काढून चालवणार' म्हटलं नाही. वाद करायचा तिथे करायचा, आणि ट्रॅकवर सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. पिटच्या गल्लीत शिरताना जगातल्या सगळ्यात वेगवान माणसालाही बहुतेक ठिकाणी ताशी ८० ची मर्यादा असते. ती ओलांडली तर दंड होतो आणि तो भरतो. आमच्या सोसायटीच्या आवारात वीसची पाटी आहे. तिची काय अब्रू आहे, ते विचारू नका.

मग ज्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नियमाला लाथ मारली, त्या ब्राझीलच्या आयर्टन सेन्नाचं काय? माझ्या पिढीचा तो देव. १९९० मध्ये जपानमध्ये सुझुकाला, पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुटायची जागा, ट्रॅकच्या चुकीच्या बाजूला ठेवली आणि अधिकारी ऐकत नाहीत म्हणून, त्याने पहिल्याच वळणावर प्रतिस्पर्धी प्रोस्टच्या गाडीत आपली गाडी घातली. दोघेही बाहेर गेले आणि किताब सेन्नाला मिळाला. वर्षभराने त्याने कबूल केलं की ते ठरवून केलं होतं. अन्याय झाला होता का? बहुधा झाला होता, आदल्या वर्षी तर नक्कीच. तरीही त्या टकरीला मी बंड म्हणत नाही. त्याचा राग अधिकाऱ्यांवर होता आणि त्याने पणाला लावला तो प्रोस्टचा जीव, मागून भरधाव येणाऱ्या सगळ्यांचा जीव. मुळशीच्या सत्याग्रहात सेनापती बापटांनी कायदा मोडला, तो जाहीरपणे, आणि तुरुंगात गेले. भागीदार विचारून घेतले होते. प्रोस्टला कुणी विचारलं होतं? फर्ग्युसन रस्त्यावर कट मारून जाणारा कुणाला विचारतो?

एक आक्षेप मला खरोखर बोचतो. लाउडाला हे सगळं परवडत होतं, श्रीमंताघरचा पोर, किताब गेला तरी उपाशी मरणार नव्हता. बंड ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं एक मित्र मला टेकडीवर चढता चढता म्हणाला. यात तथ्य आहे. रेसिंग हा मुळातच पैशाचा खेळ, त्यात गरिबाला गाडीच मिळत नाही, तो बंड कशात करणार? पण ज्याला परवडतं तो ते कुणासाठी वापरतो, हेही बघायला हवं. जानेवारी १९८२, दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी. दोन वर्षांच्या खंडानंतर लाउडा परतला होता, त्याची पहिलीच शर्यत. ड्रायव्हरांना परवान्याचा जो अर्ज भरायला दिला होता, त्यातली कलमं त्यांना संघाशी वेठीस बांधणारी होती. स्वतःच्या अटींवर करार करून घेण्याइतका लाउडा मोठा होता. मार बसणार होता तो नव्या पोरांना. लाउडा आणि फ्रेंच ड्रायव्हर पिरोनी यांनी सगळ्यांना बसमध्ये भरलं आणि जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात नेऊन एका दालनात गाद्यांवर झोपवलं. फूट पडू नये म्हणून. संघमालक दारावर येऊन धमकावत होते, आत जिल व्हिलनव आणि दे आंजेलिस पियानो वाजवत होते. एक जण रात्रीत निसटला, तशी माणसं प्रत्येक संपात असतात. शेवटी मालक नमले. कारखान्यात संप केलेल्या आकुर्डी-चिंचवडच्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि १९९१. लाउडाने काढलेल्या विमान कंपनीचं बोइंग ७६७ थायलंडवर कोसळलं, २२३ माणसं गेली. बहुतेक मालक अशा वेळी वकिलाच्या मागे लपतात. हा अवशेषांत जाऊन उभा राहिला. हवेतच इंजिनाचा रिव्हर्सर उघडला होता, हे पुढे आलं. पण तशा वेळी विमान सावरता येत नाही, हे बोइंगने जाहीर सांगावं म्हणून त्याने पाठपुरावा केला. सावरता येतं म्हणता ना, मग तसं उडवून दाखवा, मीही विमानात बसतो, असं त्याने त्यांना म्हटल्याचं त्यानेच मुलाखतीत सांगितलं आहे. त्यांनी उडवलं नाही. जाहीर केलं.

परिसंवादातल्या गृहस्थांना माझा विरोध आहे तो इथे. मुलांसमोर रेसर ठेवू नका, म्हणजे मुलं वेग सोडतील, ही समजूत भाबडी आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पहाटे दोन तरुण अभियंते मोटारीखाली गेले, ते काही फॉर्म्युला वन बघून झालं नाही. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं. लोकक्षोभानंतर तो आदेश बदलला, तो भाग वेगळा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिंगापूरच्या पत्रकार परिषदेत फॉर्म्युला वनचा जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेनच्या तोंडून शिवी गेली, तर त्याला समाजोपयोगी काम करायची शिक्षा झाली. शिक्षा मला हास्यास्पद वाटते. त्यालाही वाटली, म्हणून पुढच्या पत्रकार परिषदेत तो एकेका शब्दात उत्तरं देत राहिला. पण डिसेंबरमध्ये रवांडात जाऊन नवशिक्या ड्रायव्हरांबरोबर त्याने ते काम केलं. नियम हास्यास्पद आहे हे म्हणायचं आणि तरी त्याची किंमत मोजायची, हे रेसिंगच्या दुनियेत अजून जमतं. आपल्या शहरातली अडचण वेगाहून जुनी आहे. चूक एकाची, दंड भरणारा दुसरा, हे आपल्याला फारसं खटकेनासं झालंय.

परवा रात्री साडेअकराला म्हात्रे पुलाजवळच्या सिग्नलला थांबलो होतो. आडव्या रस्त्याला चिटपाखरू नाही, आकडा बेचाळीसवर. मागून ट्रिपल सीट आलेल्या मुलांनी हॉर्न धरला. मी हललो नाही तसे ते बाजूने पुढे आले, मधल्याने मान वळवून विचारलं, 'काय काका, मुहूर्त बघताय का?' आणि गेले. शेजारी एक रिक्षावाला होता, तोही गिअर टाकून निघायच्या बेतात. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आकड्याकडे. मग इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.